चटईखाली दोघं जण

या, पुढं सरका. चटईची कड सोडा आणि मधे येऊन बसा. ज्यांना मांडी घालता येते त्यांनी घाला. ज्यांना येत नाही त्यांनी पाय लांब करून वर काहीतरी पांघरा, आज कुणी रागावणार नाही. का नाही, ते गोष्टीतच येईल. गोष्ट आपल्या सावाई बेटावरच्या फालेउता गावची आहे. एका शिकलेल्या पोरीनं अर्ध्या तासात अख्खं गाव वैरी करून घेतलं, आणि त्या वैऱ्यांत सगळ्यात कडवा जो तिचा सख्खा मामा, त्यालाच तिच्यापायी दुसऱ्याच्या अंगणात मान घालून बसावं लागलं, त्याची ही गोष्ट. देवाचं नाव घ्यायचं आणि ऐकायचं.

पोरीचं नाव मोएलांगी. घरात सगळे मोए म्हणत. वय तिशीच्या पुढं, म्हणजे पोर कसली, पण लग्न होत नाही तोवर आपल्याकडं पोरच. ती आठ वर्षांची असताना आई गेली. मामानं, सोलोवीनं, वाढवली. चर्चच्या शाळेतून ती राजधानीत, आपियाला गेली, तिथून ब्रिस्बेनच्या विद्यापीठात. माणूस चालतो कसा, बसतो कसा, उठतो कसा, त्याचा तोल कुठं राहतो आणि कुठं सुटतो, हा तिचा विषय. पहिल्यांदा तिनं घरी हे सांगितलं तेव्हा सेउलामामी नारळ खवत होती. मामी म्हणाली, "चालायला शिकायला विमानानं गेलीस? तू तर नवव्या महिन्यात चालायला लागलेलीस."

मोएचं म्हणणं साधं होतं. ब्रिस्बेनमध्ये सत्तरीची माणसं घरात पाय घसरून पडतात आणि पुन्हा उठत नाहीत. फालेउतातली म्हातारी माणसं ऐंशीव्या वर्षी जमिनीवरून हात न टेकता उठतात. हे कशानं होतं? आणि ज्याचा तोल सुटायला लागलाय, तो पडायच्या आधी ओळखता येईल का? त्यासाठी तीन वर्षं ती दर सुट्टीत गावी यायची. म्हाताऱ्यांच्या घोट्यांना, गुडघ्यांना, कमरेला, खांद्यांना, हातांना मिळून अठरा चकाकत्या टिकल्या लावायची, चर्चच्या मागच्या पडवीत त्यांना चालवायची, बसवायची, उठवायची आणि कॅमेऱ्यात धरायची. माणसांना गंमत वाटायची. एकोणीस जण आले. विसावा माणूस, म्हणजे तिचा मामा, आला नाही.

सोलोवी घराण्याचा प्रमुख आणि गावाचा वक्ता, म्हणजे गावाच्या वतीनं बोलणारा, होता. हातात काठी घेऊन, खांद्यावर वक्त्याचा काथ्याचा झुबका टाकून तो मैदानात उभा राहिला की शेजारच्या गावचे वक्ते आपली भाषणं आखडती घ्यायचे. तो भाचीला म्हणाला, "डुकराला कापायच्या आधी चहूबाजूंनी चाचपतात. मला अजून कापायचं नाहीय."

"मामा, दहा मिनिटांचं काम आहे."

"मग दहा मिनिटं समुद्राकडं बघत बस. तो पण हलतो."

तिला वाटलं, गर्व आहे. गेली काही वर्षं तो बैठकीच्या घरात सगळ्यांच्या आधी जाऊन आपल्या खांबाला टेकून, मांडीवर चटई पांघरून बसायचा आणि सगळे गेल्यावर शेवटी उठायचा. तिला तोही गर्वच वाटला. माणसाच्या हालचालीवर तीन वर्षं काम करणाऱ्या बाईला हे दिसलं नाही, हे लक्षात ठेवा.

त्या वर्षी काम पुरं झालं. तिनं ठरवलं की गावाचं गावाला दाखवायचं. शुक्रवारी, संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या सभागृहात पडदा लावला. गाव लोटलं. पुढच्या रांगेत गावाचा थोरला प्रमुख तामासेउ बसला होता. तोही त्या एकोणिसांतला. टिकल्या लावून घ्यायला तो तयार नव्हता, तेव्हा मोएनं त्याला शब्द दिला होता, "तुमचं तोंड दिसणार नाही, अंग दिसणार नाही. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके तेवढे. तुमच्या बायकोला पण कळायचं नाही."

दिवे मालवले. पडद्यावर अठरा ठिपके उमटले आणि चालायला लागले. दुसरं पाऊल पडायच्या आत मागून कुणीतरी म्हणालं, "हा पिटा."

सगळे हसले. पिटा पण हसला. पुढचे ठिपके आले. "ही लेउतू म्हातारी. बघ, डावा हात कसा फेकते, माशा हाकल्यासारखा." तिसरे आले. नाव आलं. चौथे आले. नाव आलं. ओळखीचा माणूस नुसत्या चालीवरून ओळखता येतो, हे मोएनं दुसऱ्या वर्षीच पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. पण पुस्तकातल्या माणसांना गाव नसतं. तिथंच तिनं थांबायला हवं होतं. पण लोक हसत होते, खूश दिसत होते, आणि जीभ पाठ केलेलं बोलत गेली.

सातव्या क्रमांकाचे ठिपके आले. पावलं बाहेरच्या बाजूला फाकलेली, कंबर डावीउजवीकडं डुलत होती. कुणी नाव घेतलं नाही. मोए म्हणाली, "ही चाल नीट बघा. हा माणूस आत्ताच काही केलं नाही, तर दोन वर्षांच्या आत पडणार."

आपल्याकडं थोरल्या प्रमुखाबद्दल 'पडणार' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. तो नारळीच्या झाडाबद्दल वापरतात, नाहीतर राज्याबद्दल.

तामासेउ उठला. दार मागच्या बाजूला होतं. तिथवर जायला त्याला सगळ्या रांगांमधून चालावं लागलं, आणि तो चालला, पावलं फाकवत, कंबर डुलवत. आणि त्या दिवशी गावानं त्याच्या अंगावर ते अठराच्या अठरा ठिपके बघितले. शेवटच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. कुणी, ते आजवर कबूल झालेलं नाही.

शनिवारी बैठक बसली. निकाल एका वाक्यात आला: तामासेउ माफ करत नाही तोवर सोलोवीच्या घराशी गावाचं बोलणं बंद, आणि बुधवारपर्यंत माफी झाली नाही तर घर गाव सोडेल. सोलोवीची मळ्यातली अळकुडी, नीरफणसाची झाडं, आईबापांची अंगणातली थडगी, सगळं इथंच राहील आणि माणसं जातील. दुपारी विहिरीवर मामीच्या बादलीपुढं आपली बादली सारून एका बाईनं म्हटलं, "आधी गावातल्या लोकांनी भरायचं." संध्याकाळी घराच्या छपरावर दगड आले. पिटा, जो पडद्यावर स्वतःला बघून हसला होता, रस्त्यात मोएला म्हणाला, "मला पण पाडणार आहेस का कधी? सांगून ठेव, नवी लुंगी नेसून पडतो."

रविवारी चर्चमध्ये सोलोवीच्या घरच्यांच्या बाकावर दुसरं कुणी बसलं नाही. पण पाद्रीबुवांचं प्रवचन त्यांनी ऐकलं. आमचे पाद्रीबुवा बोलता बोलता गायला लागायचे. अर्थ जिथं शब्दांत मावत नाही तिथं सूर लावायचे आणि अख्खं चर्च मागून धरायचं. ज्यानं ते ऐकलं नाही त्याला काय सांगावं? अंगावर काटा यायचा. त्या दिवशी त्यांनी आपलंच एक पद लावलं:

ताठ चाले त्याला दिसे आपलीच छाया,
वाकून जो चाले, पडे दुसऱ्याच्या पाया.

तीनदा घोळवलं. लोकांनी म्हटलं. म्हणता म्हणता अर्ध्यांनी सोलोवीकडं बघितलं आणि उरलेल्यांनी तामासेउकडं. पदं अशीच असतात, ज्याला त्याला वाटतं की ती शेजाऱ्यासाठी आहेत. खर्जातला सूर लावायला चर्चमध्ये दोघंच होते, सोलोवी आणि तामासेउ. चाळीस वर्षं शेजारी उभं राहून त्यांनी तो लावला होता. त्या रविवारी दोघंही गायले नाहीत आणि पद तळ नसलेल्या होडीसारखं तरंगत राहिलं.

घरी आल्यावर मामानं नारळाच्या दुधातली अळूची पानं पुढं ओढली आणि न खाताच म्हणाला, "उद्या पहाटे मी बसतो."

बसतो म्हणजे काय, ते इथं कुणाला सांगायला नको. अपराध झालेलं घर पहाटे दुसऱ्याच्या अंगणात जातं. घरातली सगळ्यात उंची चटई डोक्यावरून घेऊन, मांडी घालून, मान खाली घालून बसतं. पुढ्यात सरपण आणि चुलीचे दगड ठेवतं. आम्हाला भाजून खा, असा त्याचा अर्थ. घरातल्यांनी येऊन चटई उचलली तर माफी. नाही उचलली, तर सूर्य डोक्यावर येईपर्यंत येतील ते दगड आणि येतील त्या शिव्या.

मोए म्हणाली, "चूक माझी आहे. मी बसते."

"तुझ्या डोक्याला कोण विचारतं? घराण्याचं नाव चालवणारा बसतो. तू ठिपके मोज."

"मामा..."

"तुझ्या आईला मी शब्द दिला नसता, तर शुक्रवारीच तुला त्या पडद्यात गुंडाळून बोटीत घातलं असतं."

दुपारी सगळे निजले. मोए मागच्या चुलघराकडं पाणी प्यायला गेली तर आतून कण्हल्याचा आवाज आला. तिनं कुडाच्या फटीतून पाहिलं. मामा एकटाच होता. खांब धरून तो खाली बसायला बघत होता. डावा पाय दुमडला. उजवा दुमडेना. त्यानं दोन्ही हातांनी गुडघा ओढला, आणि सगळं अंग एका बाजूला कलंडून तो सरपणावर आदळला.

एका क्षणात मोएला सगळं कळलं. कमरेचा सांधा गेलेला होता. म्हणून बैठकीला सगळ्यांच्या आधी यायचं, सगळ्यांच्या मागून उठायचं. म्हणून मांडीवर नेहमी पांघरलेली ती चटई. म्हणून टिकल्या नकोत.

ती आत गेली. "किती वर्षं झाली?"

"चालती हो."

"मामा, किती वर्षं?"

तो तसाच आडवा पडून म्हणाला, "पाच. आता लाव तुझ्या टिकल्या. तुझा विसावा माणूस मिळाला. पडद्यावर सांग, हा आधीच पडलाय."

ती शेजारी बसली. त्याला उठवायला हात पुढं केला, तो त्यानं झटकला. ती म्हणाली, "तामासेउंना सांगू या. पाय दुमडत नाही म्हटल्यावर ते समजतील."

"समजतील? अगं, मांडी घालता न येणारा वक्ता म्हणजे काय, ठाऊक आहे? बैठकीत माझा खांब आहे. माझ्या बापाचा होता. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी म्हणतील, सोलोवी, तू बाहेर बाकावर बस, तिथं बरं पडेल. दयेनं म्हणतील. मला दगड चालतील, ती दया नको."

"मग उद्या कसे बसणार?"

"पाय लांब करून."

"त्यांच्या घराकडं पाय करून?" मोएला ऐकवेना. माफी मागताना प्रमुखाकडं तळवे करणं म्हणजे तोंडावर थुंकण्यासारखं. "बूड उंच घेतलं तर सांधा कमी वाकावा लागतो. खाली वीतभर काही घातलं..."

"माफी मागायला उशी घेऊन जाऊ? तक्क्या पण देतेस का? कोको पण आण."

"चटईखाली काय आहे ते कुणाला दिसत नाही," मोए म्हणाली. "उशी नको. मी आत येते. अपराधी मीच आहे, मी तुमच्याबरोबर बसले तर कुणी काही म्हणणार नाही. तुम्ही माझ्या मांडीवर बसा. डावा पाय दुमडतो, तो बाहेरून दिसेल. उजवा तिरका करू, चटईच्या घडीत."

सोलोवी तिच्याकडं असा बघत राहिला, जसा माणूस आपल्या ताटातल्या माशीकडं बघतो. "त्यापेक्षा गाव सोडलेलं बरं."

दारातून सेउलामामी म्हणाली, "सोडा की. मी नाही येणार. माझी सासू इथं पुरलीय आणि तिनं मला बजावलंय की थडग्यावर गवत वाढता कामा नये." मामी केव्हापासून उभी होती कोण जाणे. मग ती हळूच म्हणाली, "बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली, असं भर मैदानात किती वेळा बोललात? तिची पोर आहे ही. डोळ्यातलं कुसळ झाली असेल, पण डोळ्यातच आहे."

सोलोवीनं स्वतःच, सरपण धरधरून, तीन खेपांत, उठून दाखवलं. मोएनं बघितलं आणि मदत केली नाही. तेवढं तिला कळत होतं.

सोमवारी पहाटे, अंधार पातळ होत असताना, तिघं तामासेउच्या अंगणात गेले. मामीनं तिच्या सासूच्या हातची चटई आणली होती. केवड्याची पात नखानं चिरून चिरून विणलेली, रेशमासारखी पडणारी, दोन माणसं झाकून वर हातभर उरेल अशी. सरपण ठेवलं, दगड ठेवले. दोघं वाकून उभे राहिले तेव्हाच मामीनं ती वरून टाकली आणि स्वतः कुंपणाबाहेर जाऊन थांबली. ते दोघं कसे बसले ते कुणी पाहिलं नाही.

आत मोए आधी बसली. मग तिनं पुटपुटत सांगितलं, "डावी टाच मागं. नाक पुढं. कंबर मागं सोडा. हळू."

"जमिनीवर बसायला तू शिकवणार मला."

"वजन सोडा."

त्यानं सोडलं. तो हाडापेरानं रुंद माणूस. तिच्या मांडीवर वखारीतलं पोतं टाकल्यासारखं झालं. त्याचा उजवा पाय तिनं तिरका करून चटईच्या घडीखाली दडवला, पण तो पुरता वळेना. पाऊल घराच्याच रोखानं राहिलं. अर्ध्या तासात तिची मांडी बधिर झाली.

उजाडलं तशी बाहेर चाहूल लागली. तामासेउची थोरली बहीण तालाई पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. तिची जीभ गावाला पाठ आहे.

"कोण आलंय हो हे? सोलोवी का? मला वाटलं कुणी वाळवण घातलंय." मातीचं ढेकूळ चटईवर येऊन फुटलं. "बोल की रे, एरवी तुझं भाषण संपायची वाट बघत माणसं म्हातारी होतात." दुसरं ढेकूळ आलं. मग दगड. "आणि त्या भाचीला म्हणावं मोज किती पडले ते. मोजायची आवड आहे ना तिला."

एक दगड सोलोवीच्या खांद्यावर बसला. तो हलला, आणि हलला तसा उजव्या कमरेतून कळ गेली. ती मोएला तिच्या मांडीतून कळली.

"दुखतंय का?" ती कुजबुजली.

"गप्प बस. तुझं हाड टोचतंय."

"तुमचंच आहे."

"तुझ्या आईच्या मांडीवर बसलो असतो तर ती एवढी टोचली नसती. ती काही तरी खायची."

सूर्य पायरीपर्यंत आला. आजूबाजूच्या घराघरांतून सकाळच्या प्रार्थनेची गाणी सुरू झाली, जशी रोज होतात. तामासेउच्या घरातही सुरू झालं. बायकांचे सूर वर गेले, मधले सूर त्यांच्यामागं गेले, आणि खाली काहीच नव्हतं. तामासेउ गात नव्हता. पहिलं कडवं तसंच, तळ नसलेलं, संपलं.

दुसऱ्या कडव्याला चटईखालून खर्ज आला.

मोए कुजबुजली, "मामा, काय करताय?"

दोन ओळींच्या मधल्या श्वासात तो म्हणाला, "भांडण माझं त्याच्याशी आहे. देवाच्या गाण्यानं माझं काय वाकडं केलंय?" आणि पुढची ओळ धरली. त्याच्या बरगड्यांतून तो सूर तिच्या छातीत उतरत होता. बाहेर तालाई म्हणाली, "निर्लज्ज." पण ढेकळं थांबली. गाण्यात कुणी ढेकूळ मारत नाही.

गाणं संपलं. मग पायऱ्यांवर पावलं वाजली. मोएनं डोळे मिटले. बघायची गरज नव्हती. जड, मग घासत, मग जड, मग घासत. सातवा क्रमांक. तो स्वतः येत होता, आणि तिसऱ्या पायरीवर त्याचा तोल गेला आणि त्यानं सावरला, तेही तिला ऐकू आलं.

पावलं समोर थांबली. चटईची कड हलली. उचलायला वाकावं लागतं. तो वाकला, एका हातानं गुडघा धरून, तोंडातून दबका आवाज काढत, आणि कड हातभर वर झाली. उजेड आत आला. तामासेउला आधी दिसला तो सोलोवीचा तळवा, थेट त्याच्या घराकडं रोखलेला. मग ताठ पडलेला पाय. मग भाचीच्या मांडीवर बसलेला मामा.

सोलोवीनं मान खालीच ठेवली.

तामासेउनं कड सोडून दिली. परत अंधार झाला. मोएच्या मनात आलं, संपलं. थडग्यांवर गवत वाढणार.

बाहेर तामासेउचा आवाज आला, "तालाई, सगळ्यांना आत ने. मागच्या चुलघरात चहा करा. इकडं कुणी बघायचं नाही."

"अरे पण चटई..."

"आत म्हटलं."

अंगण रिकामं झालं. मग धप्प असा आवाज झाला आणि चटईवर धूळ उडाली. तामासेउ जमिनीवर बसला होता; बसला म्हणजे पडलाच म्हणा. दोन्ही पाय लांब. त्यानं चटईची कड ओढली आणि स्वतःच्या पायांवर घेतली. आता चटईखाली दोन म्हाताऱ्यांचे पाय समोरासमोर होते, तळव्याला तळवा लागेल एवढे जवळ.

"किती वर्षं?" तामासेउनं विचारलं.

"पाच," चटईतून उत्तर आलं.

"कंबर?"

"कंबर. तुमचा गुडघा?"

"दोन्ही." मग तो म्हणाला, "म्हणून तू बैठकीला पहाटेच येऊन बसतोस. आणि मला वाटायचं, माझ्या आधी येऊन मला कमीपणा देतोस. पाच वर्षं मी तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या."

"मी पण दिल्या. तुम्ही सावकाश चालून सगळ्यांना ताटकळवता म्हणून."

तामासेउनं चटई ओढून सोलोवीच्या डोक्यावरून काढली. माफी झाली. मोए उन्हात डोळे मिचकावत मामाच्या वजनाखाली तशीच होती. तामासेउनं तिच्याकडं एकदा बघितलं. त्या नजरेत माफी नव्हती.

"तुझं घर राहील," तो सोलोवीला म्हणाला. "तुझा पाय मी बघितला नाही. खांब तुझाच. पण हिनं मला शब्द दिला होता. हिच्या त्या कॅमेऱ्याच्या पेटीत गावाची जेवढी माणसं आहेत, सगळी पुसायची. माझ्यासमोर. आणि बुधवारच्या बोटीनं जायचं. पुन्हा यायचं ते पाहुणी म्हणून, आणि रिकाम्या हातांनी."

तीन वर्षं, एकोणीस माणसं. मोए म्हणाली, "मान्य आहे."

"तिला सांग, माझ्याशी बोलायचं नाही," तामासेउ सोलोवीला म्हणाला.

आता एवढं सगळं झालं, पण उठायचं कसं? दोन्ही म्हातारे जमिनीवर, अंगणात कुणी नाही, आणि हाक मारली तर तालाई येणार. तामासेउनं एकदा प्रयत्न केला, परत बसला. दुसऱ्यांदा केला, परत बसला. मोए मामाच्या कानात काही बोलली.

सोलोवी खाकरला. वक्ता प्रमुखासमोर दुसऱ्याचा शब्द मांडतो तसा, पुऱ्या आवाजात, तो म्हणाला, "माझं घर असं म्हणतं की, आधी कुशीवर वळावं, दोन्ही हात टेकावेत."

"मी काही ऐकलं नाही," तामासेउ म्हणाला, आणि कुशीवर वळला.

"माझं घर म्हणतं, गुडघ्यांवर यावं. मग बऱ्यातला बरा पाय पुढं घ्यावा."

"दोन्ही वाईट आहेत."

मोए कुजबुजली. "कमी वाईट तो," सोलोवी म्हणाला. "आणि नाक पायाच्या अंगठ्याच्या पुढं जाऊ द्यावं. माणूस वर बघून उठायला जातो आणि मागं पडतो. खाली बघावं."

तामासेउनं खाली बघितलं, आणि उठला. मग त्यानं पुढ्यातल्या सरपणातली एक काठी सोलोवीपुढं धरली. सोलोवी उठला. मोए उठू शकली नाही. तिच्या मांडीत जीवच नव्हता. ती तिथंच बसून राहिली, आणि दोघं म्हातारे तिला तसंच टाकून चहाला आत गेले. मामीनं येऊन तिचा पाय चोळला.

मंगळवारी बैठकीच्या घरात, सगळ्यांसमोर, तिनं एकेक करून एकोणीस जण पुसले. पिटा म्हणाला, "माझा राहू दे, मी चांगला चालतो." तोही पुसला.

बुधवारी धक्क्यावर तिला सोडायला मामा आला, म्हणजे बाकावर येऊन बसला आणि समुद्राकडं बघत राहिला. ती वाकून पुढून गेली, तर त्यानं मान फिरवली. मामीनं नीरफणस बांधून दिला. बोट सुटली. मोए कठड्याशी उभी होती. तिनं पाहिलं की मामानं बाकाखाली टाचा मागं घेतल्या, काठी बाजूला टेकवून ठेवली, नाक अंगठ्यांच्या पुढं नेलं आणि हात न लावता उभा राहिला. एकदाच. मग पाठ फिरवून गेला. तिच्या पिशवीत कॅमेरा होता. तिनं तो काढला नाही.

याला आता सहा वर्षं झाली. तामासेउ पडला नाही. त्याच्या पायऱ्यांना बांबूचा कठडा आहे. कुणी सुचवला विचारलं तर म्हणतो, देवानं. बैठकीच्या घरात हल्ली सगळेच प्रमुख पायांवर चटई घेऊन बसतात, ज्याला दुखतं तोही आणि ज्याला दुखत नाही तोही. कुणी कुणाला विचारत नाही. रविवारी खर्ज दोघं मिळून लावतात, आणि पाद्रीबुवांचं ते पद लागलं की एकमेकांकडं बघत नाहीत.

मोएलांगीचं नाव मात्र गावात अजून कुणी घेत नाही. तामासेउ घेत नाही, तालाई तर नाहीच, आणि मामाही नाही. म्हणून तुम्हाला सांगणं एवढंच: आता घरी जायला उठाल, तेव्हा टाचा मागं घ्या, नाक पुढं करा, खाली बघा. आणि उठता उठता तिची आठवण काढा.